हिरवा ओरखडा

एरी, १५ ऑक्टोबर १९७३

ती. वहिनीस,

धाकट्या नणंदेचा सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असाल, तर हे वाचेपर्यंत तसंच रागावून राहा. पुढची बातमी ऐकून राग घालवायला मजा येईल.

तुमच्या वासिलने काल पुन्हा मैदान मारलं. ह्या अमेरिकन फुटबॉलात समोरून चेंडू हातात घेऊन येईल त्याला आडवा करायचा, एवढंच ह्या पोराचं काम. पण ते तो असं करतो की अख्खं शहर आता त्याला ‘फाटक’ म्हणतं. फाटक बंद, पलीकडे कोणी जायचं नाही! पेपरवाल्यांनी यंदा पुन्हा त्याला देशातला पहिल्या नंबरचा बचावपटू ठरवलाय. आमच्या गल्लीतला खाटीक मला रांगेतून पुढे बोलावतो, आणि मी मेली लाजत नाही, खुशाल पुढे जाते. माझा नवरा श्तेफान तर गोदीत स्वतःच खेळल्यासारखा छाती काढून हिंडतोय.

वासिल अजून आमच्याच वरच्या खोलीत राहतो. एवढं नाव झालं, पण स्वतःचं घर घ्यायचं नाव काढत नाही. कोबीत गुंडाळलेला भात-खिमा त्याला हॉटेलात कोण देणार? परवा त्याचं हेल्मेट पुसायला घेतलं, तर जिन्यावरून धावत आला आणि हातातून ओढून घेतलं. बचावाच्या खेळाडूंनी हेल्मेट पुसायचं नसतं म्हणे. ज्याला धडक दिली त्याच्या हेल्मेटचा रंग आपल्या हेल्मेटला लागतो, तो मिरवायचा. ह्याचं हेल्मेट पांढरं, त्यावर निळे, पिवळे, भगवे ओरखडे. अगदी आपलं ईस्टरचं रंगवलेलं अंडं दिसतं हो! कुठला रंग कुणाचा ते त्याला तोंडपाठ आहे.

तुम्ही एकदा तरी सामना बघायला या. सारखं नाक मुरडून नाक वाकडं होईल.

लोभ आहेच, वाढला तर ठेवायला जागा करीन.
तुमची,
युलियाना

—

कोल्टर्स रन, २३ ऑक्टोबर १९७३

चि. सौ. युलियानास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझं नाक जन्मतःच वाकडं आहे, तुझ्या भावाने ते बघूनच लग्न केलं होतं. तेव्हा त्याची काळजी नको.

सामना बघायचं म्हणशील तर बघितला. देवळाच्या सभागृहात टीव्ही आणलाय. फादरांनी रविवारची प्रार्थना अशी उरकली की देवालाही धाप लागली असेल, आणि सगळे पुरुष खाली पळाले. मीही गेले. समोरचा पोरगा पडला की हे टेबलं बडवतात. आपल्याकडे थंडीत डुक्कर कापतात, मी स्वतः रक्त धरायला उभी राहिले आहे; पण त्या वेळी कोणी टाळ्या वाजवलेल्या मला आठवत नाहीत. वासिलचा शाळेतला कोच माझ्याशेजारी येऊन बसला आणि खिशातून बाटली काढली. आत वासिलचा दात! शाळेत असताना पडलेला. गेली दहा वर्षं जपून ठेवलाय मेल्याने, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. शी! मी घरी येऊन हात धुतले, हात लावला नव्हता तरी.

आणि ते अंड्याचं लिहिलंस ते लिहायला नको होतं. अंड्यावर आपण मेणाने रेघ ओढतो नि रंगात बुडवतो, कुणाच्या डोक्यातून रंग काढून आणत नाही. तुझा भाऊ खाणीतून यायचा तो मागल्या दारी घंगाळात धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. कामाची घाण कामापाशी ठेवावी, घरात आणून तिची आरती करू नये, असं तो म्हणायचा. त्याचा मुलगा ती डोक्यावर मिरवतो.

पोर मोठं झालं, लोक ओळखतात, मला बरं वाटत नाही असं नाही. पण मन भरून येत नाही बाई. काय करू?

श्तेफानला आशीर्वाद. माझा लोभ पत्रात दिसत नसला तरी घरात आहे.
वहिनी, टेक्ला

—

एरी, १० डिसेंबर १९७३

ती. वहिनीस सा. न.

तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. नसेल बघितलं तर देवाचे उपकार, पण मला लिहायलाच हवं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये.

टोलेडोचा संघ होता, हिरव्या हेल्मेटवाला. त्यांचा ओडेल थिगपेन म्हणून एक शिडशिडीत पोरगा, अलाबामाचा. चेंडू झेलायला त्याने उंच उडी मारली, दोन्ही हात वर, अंग सगळं उघडं. वासिल धावत आला आणि डोकं त्याच्या हनुवटीखाली घातलं. आवाज आमच्या बाकापर्यंत आला, वहिनी. सगळे उठून ओरडायला लागले, आणि खोटं कशाला सांगू, मीही ओरडले. मग तो हललाच नाही. स्ट्रेचर आलं तरी आमच्यापुढचा माणूस बिअरचा ग्लास खाली ठेवीना. तोंडाने ‘फाटक, फाटक’ चालूच.

मान मोडली आहे. बोलतो म्हणे, पण मानेखालचं काही हलत नाही, आणि हलणारही नाही असं डॉक्टर सांगतात. पंचांनी काही चूक दिली नाही, सगळं नियमात बसलं. वासिल घरी आला, जेवला, टीव्हीवर तीच धडक पुन्हा बघितली आणि वर जाऊन झोपला. दुसऱ्या दिवशी संघाच्या कोचने भलंमोठं हॅम पाठवलं, वर चिठ्ठी, की अशीच भूक राहू दे. मी ते शेजारच्या कुत्र्याला घातलं.

हेल्मेटवर उजव्या डोळ्याच्या वर बोटभर रुंद हिरवा ओरखडा आहे. बाकीचे रंग त्यापुढे फिके दिसतात. मी त्या खोलीत झाडायला जात नाही.

लोभ असू द्या, आज जरा जास्तच असू द्या.
युलियाना

—

कोल्टर्स रन, १५ डिसेंबर १९७३

वासिल,

आशीर्वाद लिहायची सवय आहे म्हणून लिहिते, घे.

मी बघितलं. सभागृहातले लोक उभे राहून मला मिठ्या मारत होते. न्हाव्याने माझ्या हाताचा मुका घेतला. मला ओकारी आली आणि मी खरंच बाहेर जाऊन ओकले. त्यांना वाटलं, म्हातारीला आनंद झेपला नाही.

तुझी आत्या सांगते, नियमात होतं. असेल. मला त्या खेळाचे नियम कळत नाहीत आणि शिकायचेही नाहीत. मला एकच सांग, तू त्या मुलाला बघायला गेलास का? तो तुझ्याच शहराच्या इस्पितळात पडलाय. त्याची आई इतक्या लांबून आली असेल, परक्या गावात कुठे जेवत असेल, कुठे पाठ टेकत असेल. तू तिच्यापुढे जाऊन उभा राहिलास का?

मला तुझी किळस येते, वासिल. आईने असं लिहू नये, पण येते. तू जाऊन आलास की जाईल, असं वाटतं. नाही गेलास तर काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

गेलास की नाही, एवढंच लिही.
आई

—

एरी, २० फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप आईस वासिलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून खूप दिवस झाले, उत्तराला उशीर झाला. सामने होते.

आई, तू समजून घे. माझा दोष नाही. डोकं खाली घालून धडक द्यायची असं शाळेपासून शिकवलंय, आणि न दिली तर दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरा उभा असतो. मी मुद्दाम काही केलं नाही. इस्पितळात जायचं माझ्या मनात होतं, पण क्लबचे वकील नको म्हणाले. भेटायला गेलं की चूक कबूल केल्यासारखं होतं. फुलं ऑफिसतर्फे पाठवली, माझं नाव वर होतं. आता त्याला अलाबामाला घरी नेलंय असं कळलं.

चांगली बातमी म्हणजे क्लब नवं दालन उघडतोय, आतापर्यंतच्या नावाजलेल्या खेळाडूंचं. माझं हेल्मेट काचेच्या कपाटात ठेवणार आहेत, आहे तसं, सगळ्या रंगांसकट. हिरव्यासाठी वेगळा दिवा लावणार आहेत. एप्रिलच्या शेवटी समारंभ आहे.

आत्या ईस्टरला लेकीच्या बाळंतपणासाठी बफेलोला जाणार आहे. तू इकडे ये ना. श्तेफानकाकाला आणि मला कोण करून घालणार? ईस्टरची टोपली तुझ्याच हातची हवी. मी बरा आहे. झोप चांगली लागते.

तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे.
वासिल

—

एरी, ११ एप्रिल १९७४, पवित्र गुरुवार

चि. सौ. युलियानास आशीर्वाद. लेक आणि बाळ सुखरूप असतील. बाळाच्या टाळूला तेल भर, बफेलोच्या डॉक्टरांचं काही ऐकू नकोस.

तुझं घर मी घासून काढलं. ईस्टरच्या आधी घरात मळ राहू द्यायचा नाही, हे तुझ्या आईनेच मला शिकवलंय. तूच विसरलेली दिसतेस. तुझ्या चुलीमागे काय सापडलं ते मी कागदावर लिहीत नाही, लेकीच्या हातात पत्र पडायचं. पडदे धुतले, भांडी राखेने घासली, जिना खरवडला. मग वरच्या खोलीत गेले.

ते हेल्मेट त्याने कुठे ठेवलं होतं ठाऊक आहे? कोपऱ्यातल्या फळीवर, देवाच्या तसबिरीखाली, जिथे आपण दिवा लावतो. दिवा विझलेला, आणि खाली हे. त्या हिरव्या ओरखड्यावर मी बोट ठेवलं तर खरखरीत लागलं. युलियाना, मला शिसारी आली, पण हात मागे घेतला नाही. खाली आणलं, मागल्या दारी घंगाळात ठेवलं. आधी रॉकेलचा बोळा फिरवला, मग माझा चरबीचा साबण. निळा गेला, पिवळा गेला, भगव्याला वेळ लागला. हिरवा शेवटी गेला. बाहेर उन्हात पडद्यांशेजारी वाळत घातलं.

वासिल आला आणि दारातच थांबला. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही. त्याने ते हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी अंगातून काटा काढल्यावर बघायचा. मला वाटलं, आला माझा पोरगा परत.

तेवढ्यात क्लबचा माणूस हेल्मेट न्यायला आला. गुळगुळीत चेहरा, बुटाला एक थेंब चिखल नाही. त्याने बघितलं आणि आधी माझ्यावर आग पाखडली. मग जरा विचार केला आणि हसला. म्हणाला, काही बिघडलं नाही. संघाच्या बसला रंग देणारा रंगारी आहे, त्याच्याकडून पुन्हा ओरखडे काढून घेऊ. हिरवा जरा ठळक काढू, काचेतून चांगला दिसेल. ऐकलंस? एका पोराची मान मोडल्याची खूण हे रंगाऱ्याकडून काढून घेणार!

मी वासिलकडे बघितलं. त्याने हेल्मेट त्या माणसाच्या हातात दिलं आणि जेवायला काय आहे विचारलं. मी वाढलं. उद्या शुक्रवार, उपास आहे; टोपली पदार्थांनी भरीन, आशीर्वादाला देवळात नेईन आणि सोमवारी घरी जाईन. समारंभाला थांबणार नाही.

बाळाला माझे आशीर्वाद. तुझ्यावर लोभ आहे, चुलीमागचं बघूनही आहे.
वहिनी

—

एरी, ६ मे १९७४

ती. वहिनीस सा. न.

चुलीमागचं तुम्ही गल्लीभर सांगितलं नाहीत, म्हणून आभारी आहे. पण हेल्मेटचं गल्लीच काय, देशभर झालं आहे. पेपरातलं कात्रण पाठवते. फाडायचं असेल तर आधी वाचा.

समारंभाला सगळं शहर लोटलं होतं. रंगाऱ्याने हिरवा पट्टा असा रंगवलाय की बागेतला बाकडा वाटावा. वासिलला बोलायला उभं केलं. तो म्हणाला, माझी आई गावाकडची, भोळी, तिला वाटलं घाण आहे म्हणून तिने घासून टाकलं. सगळे खदाखदा हसले. श्तेफान डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पेपराने तेच मोठ्या अक्षरांत छापलं आणि शेजारी त्या अलाबामाच्या पोराचा जुना फोटो.

मला हसू आलं नाही. तुम्ही भोळ्या! तुमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी माझी चोरून ओढलेली सिगारेट वासावरून ओळखणाऱ्या! मी उठून बाहेर आले. पुढल्या मोसमाची तिकिटं घ्यायची नाहीत असं श्तेफानला सांगितलंय, तो घरात सुतक असल्यासारखा बसलाय.

वासिल त्या दिवसापासून माझ्याकडे मान वर करून बघत नाही. जेवतो, जातो. कोबीचं केलं तरी अर्धं टाकतो. मी त्याला बोलले नाही. बोलायचं ते तुम्ही बोला, तुमचं त्याला लागतं.

तुमचा लोभ मला हवाय, त्यालाही हवा असणार.
युलियाना

—

ब्रुअर्स क्रीक, अलाबामा, २ जून १९७४

श्रीमती हुडाक यांस,

नमस्कार. आपली ओळख नाही. मी इडेला थिगपेन, ओडेलची आई. तुमच्या देवळाचं नाव पेपरात होतं, त्या पत्त्यावर लिहिते आहे. मिळालं तर मिळालं.

इथे पेपरात आलं की तुम्ही ते हेल्मेट घासलंत, कारण तुम्हाला ती घाण वाटली. लोक हसले असं लिहिलंय. मी ओडेलला वाचून दाखवलं, तो हसला नाही. मलाही वाटतं, तुम्हाला बरोबरच वाटलं.

एक विचारायचं आहे. टोलेडोच्या लोकांनी ओडेलचं हेल्मेट घरी पाठवलं, चांदीच्या पाटीसकट. ते हिरवं आहे, आणि हनुवटीच्या बाजूला तुमच्या मुलाच्या हेल्मेटचा पांढरा रंग आहे. टाकवत नाही, कारण ओडेलने लहानपणापासून त्याच्यासाठीच जिवाचं रान केलं होतं. आणि ते पांढरं बघवत नाही. ओडेलचं अंथरूण त्याच्या समोरच आहे, त्याला मान वळवता येत नाही, त्यामुळे त्याला ते दिवसभर दिसतं. मी त्याची जागा बदलू म्हटलं, तो नको म्हणतो, पुसून टाक म्हणतो. मी साबण, सोडा, व्हिनेगर सगळं करून बघितलं. जात नाही.

तुम्ही कशाने काढलंत?

तुमच्या मुलाची फुलं आली होती. कार्डावर टाइप केलेलं नाव होतं.

इडेला थिगपेन

—

कोल्टर्स रन, ९ जून १९७४

वासिल,

त्या बाईचं पत्र यासोबत पाठवते आहे. उभ्याने वाचू नकोस, बसून वाच.

तू माझी चेष्टा केलीस, ती मी गिळली. भोळी म्हणालास, म्हण. सगळ्या गावाने दात काढले, काढू दे. पण त्या क्लबच्या माणसाच्या हातात हेल्मेट देताना तू एक शब्द बोलला नाहीस, ते मला गिळता येत नाही. जे तुला काट्यासारखं टोचत होतं तेच तू पुन्हा रंगवून घेतलंस, कारण काचेतून चांगलं दिसतं. शी वासिल, शी!

तिला मी उत्तर लिहिलं आहे. लिहिलं, की आधी रॉकेल, मग चरबीचा साबण, आणि हात जड लागतो. तो साबण अलाबामात मिळणार नाही. दोन वड्या यासोबत बांधल्या आहेत. मी टपालाने तिच्याकडे पाठवू शकले असते. पाठवल्या नाहीत. त्या तू घेऊन जायच्यास आणि ज्याने रंग लावला त्याने काढायचा. वकिलाला विचारू नकोस, आत्यालाही नको.

नाही गेलास तर मी बसने जाईन. गुडघे गेलेत, तरी जाईन. ती विचारेल, तुमचा मुलगा कुठे आहे. मी सांगेन, मला मुलगा नाही. आणि घरी येऊन तुझ्या बापाच्या थडग्यावरही तेच सांगेन.

आशीर्वाद आत्ता लिहीत नाही. साबणासोबत बांधला आहे असं समज.
आई

—

ब्रुअर्स क्रीक, १४ जुलै १९७४

श्रीमती टेक्ला हुडाक यांस,

नमस्कार. तुमचं उत्तर मिळालं होतं. तुमचा मुलगाही आला.

रस्त्यावर गाडी उभी करून सकाळपासून आत बसून होता. उतरेना. मी बोलावलं नाही. शेवटी ओडेलनेच समोरच्या खिडकीतून बघून सांगितलं, आई, त्या गाढवाला आत घे, उन्हात शिजेल. मग मी दार उघडलं. दारात एवढा धिप्पाड माणूस, हातात कागदात बांधलेला साबण. मला वाटलं होतं, बघून राग येईल. राग नाही, शिसारी आली, खरं सांगते. त्याच्या मानेकडेच माझं लक्ष जात होतं. चांगली जाड, धड मान.

पायरीवर बसून त्याने घासलं. घासताना रडत होता. मला दया आली नाही. झाल्यावर ओडेलच्या तोंडासमोर नेऊन धरलं. ओडेलने नीट बघितलं आणि सांगितलं, कानापाशी राहिलंय. तो परत पायरीवर गेला. कानापाशीचं निघाल्यावर ओडेलने त्याला विचारलं, की तुझ्या त्या कपाटात हिरवा पट्टा कुठल्या बाजूला काढलाय? तुमचा मुलगा म्हणाला, डाव्या. ओडेल म्हणाला, उजव्या बाजूला होता रे, मी बघत होतो, तू तेव्हा डोळे मिटले होतेस.

ओडेलला दर थोड्या वेळाने कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सडते. तुमच्या मुलाने उठून हात लावला. मी नको म्हणणार होते, पण माझी कंबर गेली आहे. त्याने वळवलं. जपून वळवलं. जेवायला मी विचारलं नाही, ओडेलने विचारलं. मग मी वाटाणे आणि मक्याची भाकरी वाढली.

निघताना त्याने विचारलं, परत येऊ का. ओडेल म्हणाला, ये. मी म्हटलं, नको, आत्ता नको. मला वाटेल तेव्हा मी कळवीन, आणि कदाचित वाटणारही नाही. त्याने मान डोलावली आणि गेला.

रंग सगळा निघाला. ओडेल आहे तसाच आहे.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते मला अजून लिहवत नाही. पण तुम्ही लिहीत जा. सकाळी टपाल येतं तेव्हा मी दारातच असते.

इडेला थिगपेन